मधलं मागणं

मंत्र्यांकडून फाईल परत आली ती जेवणाच्या सुट्टीनंतर, आणि तिच्यात हिरवी खूण नव्हती. त्याने पान उलटलं, परत मागे आणलं, खिडकीकडे धरून पाहिलं. खूण पुसट उमटली असेल, उजेडात दिसेल, असं काहीतरी त्याच्या मनात असावं. तिन्ही पर्याय कोरे. पहिल्यापुढे काही नाही, दुसऱ्यापुढे काही नाही, तिसऱ्यापुढेही नाही. खाली, जिथे फक्त सही करायची असते तिथे, सहीच्या वर तिरक्या अक्षरात लिहिलं होतं : फक्त मुलं. आया नकोत. एवढंच. समोरच्या टेबलावरचा कारकून डबा धुऊन आला होता आणि झाकण रुमालाने पुसत होता. "साहेब, बरं वाटत नाही का?" त्याने विचारलं. "ठीक आहे," तो म्हणाला, आणि फाईल छातीशी धरून बसला. कारकून पुन्हा झाकण पुसू लागला. आता पुसण्यासारखं त्यावर काही उरलं नव्हतं, पण माणूस भला होता, दुसरीकडे बघायला काहीतरी निमित्त हवं म्हणून पुसत राहिला.

परराष्ट्र खात्यात तो मसुदे लिहायचा. लोक त्याला मागून मसुदेमास्तर म्हणायचे आणि ते त्याला माहीत होतं. जगात कुठेही काही जळलं, पडलं, उडालं की त्यावर आपल्या सरकारला काय वाटतं ते ह्याच्या टेबलावर ठरायचं. चिंता वाटते, की तीव्र चिंता, की खेद, की निषेध. ह्या शब्दांच्या पायऱ्या असतात आणि एक पायरी चुकली तर दोन राजदूतांची झोप उडते. दुसरं काम पर्याय लिहिण्याचं. मंत्र्यांपुढे कुठलाही प्रश्न ठेवायचा तो तीन पर्यायांत. पहिला इतका उदार लिहायचा की कुठल्याही मंत्र्याची छाती होऊ नये. तिसरा इतका कठोर की त्याची त्यालाच लाज वाटावी. आणि आपल्याला जे व्हायला हवं ते मधे. मंत्री हिरव्या शाईने मधल्यापुढे खूण करतात आणि आपण विचारपूर्वक सुवर्णमध्य काढला म्हणून खूश होतात. मंत्री बदलतो, मधला बदलत नाही, असं खात्यात चहाच्या वेळी सगळेच म्हणत. ह्या वेळचा प्रश्न होता त्या छावणीचा. लांबच्या एका देशात, लढाई संपल्यानंतर, तारेच्या कुंपणात, तंबूंमध्ये आपल्याच देशातल्या काही बायका आणि त्यांची मुलं अडकून पडली होती. धर्मासाठी लढायला म्हणून निघालेल्या पुरुषांच्या मागे ह्या तिकडे गेल्या होत्या. काही स्वतःहूनही गेल्या होत्या. पुरुष मेले. बायका उरल्या. त्यांचं करायचं काय, हा प्रश्न. आणि त्या बायकांत, आपल्या लहान मुलीसकट, एक त्याची धाकटी बहीण होती, सगळं घर जिला बारकी म्हणायचं ती.

हे खात्यात सगळ्यांना ठाऊक होतं. ती गेली त्या आठवड्यात त्याने स्वतःच वर कळवलं होतं, आणि वरच्यांनी त्याला सुरक्षेच्या विभागातून उचलून सांस्कृतिक करारांच्या खोलीत आणून बसवलं होतं. इथे तो नाचणाऱ्या-गाणाऱ्यांच्या परदेश दौऱ्यांचे कागद बघायचा. कुणी कधी घालूनपाडून बोललं नाही. फक्त तो आला की बोलणं जरा बदलायचं, म्हणजे हवापाण्यावर यायचं. मग एके दिवशी संचालक बाई त्याच्या खोलीत आल्या. ह्याच बाईंनी त्याला उमेदवारीच्या काळात मसुदा कसा लिहायचा ते शिकवलं होतं, आणि निवृत्तीला टेकल्या होत्या तरी त्याला अजून पोरगा समजायच्या. दार लोटून घेत त्या म्हणाल्या, "छावणीचा कागद तू लिही. तुझं नाव कुठे येणार नाही." तो म्हणाला, "मॅडम, हे नियमात बसत नाही." बाई म्हणाल्या, "मला माहीत आहे काय नियमात बसतं. लिही तू." त्याने लिहिला. आयुष्यात लिहिला नव्हता असा लिहिला. पहिला पर्याय, सगळ्यांना परत आणून आपापल्या घरी सोडणं. दुसरा, सगळ्यांना परत आणणं, बायकांना कोर्टापुढे उभं करणं, मुलं नातेवाइकांकडे. तिसरा, फक्त मुलांना आणणं. मध्ये त्याची बहीण, तुरुंगात, पण ह्या मातीवरच्या तुरुंगात, जिथे महिन्यातून एकदा का होईना भेटीला जाता येतं आणि जाळीतून का होईना बोटाला बोट लागतं.

तीन मागायची युक्ती त्याला बाईंनी शिकवली नव्हती, ती तो घरून घेऊन आला होता. बाबा कडक होते म्हणजे वाईट नव्हते, पण पोरांनी काही मागितलं की आधी नाही म्हणायचे आणि मग विचार करायचे. तेव्हा त्याने, दहा-बारा वर्षांचा असताना, बारकीला कोपऱ्यात घेऊन समजावलं होतं : बाबांकडे एक मागायचं नाही, तीन मागायची. आधी सायकल मागायची. मग म्हणायचं, नाहीतर सहलीला जाऊ द्या. मग म्हणायचं, नाहीतर निदान रंगपेटी. हवी असते ती सहल. बाबा सायकलीला डोळे वटारतात, रंगपेटी द्यायला त्यांना कमीपणा वाटतो, आणि सहल मिळते. बारकी ह्या खेळावर जाम खूश. ती बोटांवर मागायची, आधी अंगठा, मग पहिलं बोट, मग त्याच्या पुढचं, आणि बाबांना सगळं कळत असणार, पण तेही त्या बोटांकडे बघत बघत मधलं मागणं देऊन टाकायचे. कधी त्यांचा मूड नसला की तिसरंच हातात यायचं. मग ती खोलीत येऊन आधी रडून घ्यायची, भोकाड पसरून, आणि नाक फ्रॉकला पुसत म्हणायची, "तिसरं तर तिसरं." आणि लगेच त्या रंगपेटीत रमायची. एवढ्यात कुणी रमतं का, असं त्याला तेव्हा वाटायचं. तो स्वतः तिसऱ्यावर कधी समाधानी झाला नाही.

बाईंच्या खोलीत तो फाईल घेऊन गेला तेव्हा त्या चष्मा काढून बसल्या होत्या, म्हणजे त्यांना कळलेलं होतं. त्याने पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं आणि तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं, कारण इतका वेळ तो हिरवी खूणच शोधत होता. पर्याय त्याचे नव्हते. पहिल्या जागी काहीतरी नवीनच होतं, सगळ्यांना परत आणून माफी, घर, काम. दुसऱ्या जागी त्याचा पहिला होता, घरी सोडणं. तिसऱ्या जागी त्याचा मधला होता, कोर्ट आणि तुरुंग. फक्त मुलं हा पर्याय कागदावरून गेलाच होता. "हे कुणी केलं?" त्याने विचारलं, आणि विचारता विचारताच त्याला उत्तर कळलं. बाई बराच वेळ चष्म्याची दांडी उघडमीट करत राहिल्या. "मला वाटलं," त्या म्हणाल्या, "तू भिडेखातर स्वतःला आवरलंस. मला वाटलं तुला ती घरी हवी आहे आणि तू मागायला लाजतोयस. म्हणून सगळं एक पायरी वर सरकवलं. मधे घर आणलं. मी म्हटलं, ह्याच्यासाठी आयुष्यात एकदा तरी." मग त्यांनी सांगितलं की मंत्र्यांनी कागद वाचून विचारलं, ह्यात बायकांना न आणण्याचा पर्यायच कुठे आहे, मला काय बावळट समजता का, आणि खूण न करता हाताने लिहून टाकलं. इतक्या वर्षांत कुठल्याही मंत्र्याने स्वतःच्या मनाने काही लिहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं. "मला तुरुंग चालला असता मॅडम," तो म्हणाला. "मी तुरुंगच मागितला होता." बाईंनी चष्मा लावला आणि परत काढला. त्यांच्यावर चिडायला हवं होतं, पण त्याच्यासाठी जीव तोडून कुणी केलेली ही एवढीच एक गोष्ट होती, आणि ती केल्याबद्दल चिडायचं कसं हे त्याला कळेना.

जिना उतरताना त्याला तो कागदातला कारणांचा परिच्छेद आठवला. प्रत्येक कागदात तो असतोच, ही माणसं अशी का होतात, म्हणून. त्या परिच्छेदासाठी खात्यात बैठका होतात. एक विद्वान येतात आणि गरिबी म्हणतात. दुसरे येतात आणि पोथ्यांचा चुकीचा अर्थ म्हणतात. तिसरे म्हणतात, आपण तिकडच्या हुकूमशहांना पोसलं, त्यांनी माणसं चिरडली, चिरडलेल्यांना देवाशिवाय कुणी उरलं नाही, आणि देवाच्या नावाने बोलणारे तयारच होते. सगळ्यांचं बरोबर असतं. तो मान डोलवत टिपून घ्यायचा आणि आतून म्हणायचा, आमची बारकी गरीब नव्हती, तिने पोथी कधी उघडली नव्हती, आणि तिला कुणी चिरडलं नव्हतं. तिला नोकरी होती, एका दवाखान्यात लोकांना नंबर देण्याची. काचेमागे बसून दिवसभर नाव विचारायचं आणि नंबर सांगायचा, आणि संध्याकाळी कुणाला तिचं नाव माहीत नसायचं. मग कपड्यांच्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत बायका जमायच्या तिथे ती जाऊ लागली. तिथे म्हणे तिला पहिल्याच दिवशी सगळ्यांनी नावाने हाक मारली. घरी येऊन तिने हे कौतुकाने सांगितलं होतं. आई म्हणाली, बरं झालं बाई, चार बायकांत मिसळतेस. बाबा गेल्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. घरात तिची बोटं बघत बसणारं कुणी उरलं नव्हतं. हेही एक कारण म्हणून लिहावं का? कागदात कुठे बसेल ते?

आणि एक जेवणाची वेळ होती, ती काही केल्या त्याच्या डोक्यातून जायची नाही. त्या लांबच्या देशात आपल्या मित्रराष्ट्राने बॉम्ब टाकले होते, चुकून म्हणे एका शाळेवर. बारकीने ताटाशेजारी फोन उभा करून ठेवला होता आणि त्यात लोक धुळीतून पोरं बाहेर काढत होते. आई म्हणाली, जेवताना ते बंद कर. बारकीने बंद केलं नाही. ती त्याला म्हणाली, "दादा, तू तिथेच आहेस ना कामाला? तुम्ही काय केलं ह्यावर?" तो घास गिळून म्हणाला, "चिंता व्यक्त केली." खरंच केली होती, त्यानेच लिहिलं होतं, आणि तीव्र हा शब्द लावायचा की नाही ह्यावर दुपारभर खल करून शेवटी काढला होता. ती हसली. वाईट हसली नाही, लहानपणी विनोद न कळता हसायची तशी हसली, आणि म्हणाली, "चिंता आम्हीपण करतो की. त्याला खातं कशाला लागतं?" मग फोन उचलून आत गेली. पुढे कितीदा तरी त्याने तो प्रसंग मनात उलटून पाहिला. त्या दिवशी आपण निषेध लिहिला असता तर? मूर्खासारखा प्रश्न. एका शब्दाने बहीण घरी राहत असती तर सगळं किती सोपं झालं असतं, स्वतःला दोषी ठरवून माणूस मोकळा झाला असता. पण त्याच जेवणाला देशातल्या हजारो घरांत हजारो बहिणींनी तीच पोरं पाहिली होती आणि सकाळी त्या कामावर गेल्या होत्या. ही एकटी का गेली? ती सकाळी दवाखान्याला म्हणून निघाली, डबा घेऊन निघाली, आणि परत आली नाही. डबा महिनाभराने एका विमानतळाच्या हरवलेल्या सामानात सापडला, तो आईने अजून वापरला नाही.

तिला पाठीशी घालायचं त्याच्या मनात कधीच नव्हतं. तिकडे गेल्यावर तिने आवाज मुद्रित करून पाठवले होते, इकडच्या पोरींना बोलावणारे. सुरक्षेच्या लोकांनी एकदा त्याला ओळख पटवायला म्हणून ऐकवले. तोच आवाज, लाडीगोडीचा. या ना, इथे तुमची कुणीतरी वाट बघतंय. त्या बोलावण्याला भुलून दोघी गेल्या आणि त्यातली एक परत आलीच नाही, जिवंतही नाही आणि मेलेलीही नाही. तिलाही घर असणार, दादा असणार. आणि ह्याच शहरात, भर बाजारात, त्याच लोकांच्या नावाने स्फोट झाला तेव्हा तो शेजारच्याच रस्त्यावर होता आणि लोक कशाला पळताहेत ते त्याला आधी कळलं नव्हतं. ज्यांची माणसं त्या बाजारात गेली त्यांनी म्हणावं, आया नकोत. त्यांचा हक्क आहे. तो मंत्र्याच्या जागी असता तर त्यानेही कदाचित तेच तिरक्या अक्षरात लिहिलं असतं. आपण कागदात काय लिहिलं होतं? की त्या तारांच्या आत सोडून दिलेली पोरं उद्या मोठी होतील, आणि जगाने आपल्याला टाकलं एवढा एकच धडा ती शिकलेली असतील. की जो देश आपल्या गुन्हेगारांना स्वतःच्या कोर्टात उभं करत नाही, तो दुसऱ्याच्या वाळवंटात त्यांचे हुतात्मे करतो. की मित्राच्या बॉम्बला चिंता आणि शत्रूच्या बॉम्बला निषेध हे लांबून बघणाऱ्याला लगेच कळतं. सगळं मनापासून लिहिलं होतं आणि सगळं खरं होतं. आणि ते सगळं त्याने बहिणीसाठी लिहिलं होतं, हेही खरं होतं. खरी गोष्ट स्वार्थासाठी लिहिली तर ती जरा कमी खरी होते का, ह्याचा निकाल त्याला लावता येईना.

घरी आई गच्चीतून गादी आणत होती. रोज सकाळी नेऊन टाकायची आणि उन्हं कलली की आणायची. ऐकायची नाही. "बारकीला कुबट वास चालत नाही," म्हणायची. तुरुंगात जाणार आहे ती, आई, असं तो समजावायचा. "हो, पण आधी एक दिवस तरी घरी आणतील की नाही? आणि जामीन वगैरे असतोच." आज त्याने गादीचं एक टोक धरलं आणि दोघांनी मिळून ती पलंगावर टाकली. मग त्याने सांगितलं. आईने चादर झटकली, अंथरली, कोपरे खोचले. "म्हणजे पोरीला तिच्यापासून तोडून आणायचं आपण," ती म्हणाली. "तिच्या संमतीशिवाय नाही," तो म्हणाला, आणि आपण घरात खात्याची भाषा बोललो हे त्याच्या ध्यानात आलं. आईने उशीला अभ्रा घातला, दुसऱ्या उशीचा अभ्रा घालता घालता थांबली, आणि तो तसाच मांडीवर घेऊन बसली. "आणि ते तू लिहिलंस?" "मी वेगळं लिहिलं होतं." "वेगळं लिहिलं होतंस," आई म्हणाली. ती रडली नाही. तिने फक्त ती दुसरी उशी उचलून कपाटात ठेवली. रडली असती तर त्याला जवळ जाता आलं असतं.

संमती मुलाच्या आईच्या तोंडून साक्षीदारापुढे घ्यायची असते. बाईंनी सांगितलं, दुसऱ्या कुणी विचारण्यापेक्षा तू विचार, आणि फोन आपल्याच खोलीत जोडून घेतला. छावणीतल्या एका नर्सने पलीकडे फोन धरला होता. वारा येत होता आणि मागे कुठेतरी जनरेटर धडधडत होता. विचारायचा मजकूर त्यानेच तयार केला होता. "आपण आपल्या अपत्यास स्वेच्छेने आणि कुठल्याही दबावाविना," त्याने वाचायला सुरुवात केली. "दादा," पलीकडून आवाज आला, "सरळ बोल ना." आवाज खरबरीत झाला होता, पण दादा म्हणण्याची तऱ्हा तीच. बाईंनी त्याच्या हातातला कागद काढून घेतला. "तू अजून त्यांचीच आहेस का?" त्याने विचारलं. हे मजकुरात नव्हतं. "मला माहीत नाही दादा. इथे तसं बोललं की ह्या बायका मारतात आणि तसं नाही बोललं की तुम्ही लोक नेत नाही. मी बोलणंच सोडलंय." मग तिने विचारलं, "तीन मागितलीस का?"

"मागितली."

"मधलं?"

"नाही मिळालं गं."

वारा वाहत राहिला. नर्स तिकडे कुणाला तरी जरा थांबायला सांगत होती.

"म्हणजे तिसरं," ती म्हणाली. "तिसरं काय आहे?"

"तुझी पोर. ती एकटीच."

त्याला वाटलं फोन तुटला. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. मग पलीकडे नाक पुसल्याचा आवाज आला, बाहीला असेल, आणि ती म्हणाली, "तिसरं तर तिसरं. घेऊन जा." आणि घाईघाईने, फोन काढून घेतील म्हणून एका दमात, "ती कानात बोटं घालून झोपते. काढू नका. आपोआप निघतात. आणि तिला म्हणावं आई मागून येतेय. नाही, नको म्हणू. तिला खोटं लगेच कळतं. काही म्हणूच नको." त्याने बारकी अशी हाक मारली, तेव्हा फोनवर नर्स होती.

विमानतळावर मुलगी एका सरकारी बाईचा हात धरून आली. अंगात कुणाचा तरी मोठा स्वेटर, पायात नवे बूट, आणि चालताना ती बुटांकडे बघत होती. आईने खाली बसून तिला कवेत घेतलं. तिने घेऊ दिलं, हात मात्र दोन्ही बाजूंना तसेच ठेवले. गाडीत ती मध्ये बसली, एकीकडे आजी, एकीकडे मामा. रस्ते, सिग्नल, दुकानं, शाळेतून सुटलेली पोरं, सगळ्याकडे तिने पाहिलं आणि कशाबद्दलच काही विचारलं नाही. आजीने विचारलं, "राणी, काय हवं तुला? आजी देईल." मुलीने मान वर करून आजीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, अगदी निरखून, आणि हात स्वेटरच्या बाहीतून बाहेर काढला. तिने अंगठा वर केला. "मला आई इथे हवी," ती म्हणाली. मग पहिलं बोट. "नाहीतर मला परत जायचंय." मग त्याच्या पुढचं बोट. "नाहीतर खिडकीशी बसायचंय."

आजीला काही कळलं नाही. ती पदराने डोळे टिपत म्हणाली, गुणाची पोर, किती कमी मागते. त्याला मात्र ती तीन बोटं कुठून आली ते कळलं. मधलं मागणं कोणतं आणि पोरीला खरोखर काय हवं आहे, हेही कळलं. ते जिथून सुटका म्हणून सगळं खातं राबलं होतं तिथेच होतं, तारेच्या आत, एका तंबूत. मुलगी तीन बोटं तशीच धरून वाट बघत होती. तो सरकला आणि त्याने तिला खिडकी दिली.